बोगद्यातील चालू बेल्टखालची साफसफाई : पुल कॉर्ड असली की पुरेसे आहे का?

प्रश्न : बोगदेवाला_नागपूर

नमस्कार. मी नागपूरचा असून एका बोगद्याच्या कामावर सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून नव्याने रुजू झालो आहे. टीबीएमने, म्हणजे बोगदा खोदणाऱ्या यंत्राने, खोदलेला मक (दगड-मातीचा माल) बाहेर काढण्यासाठी आमच्याकडे सलग बेल्ट (कन्व्हेयर) आहे. तो यंत्राच्या मागच्या गॅन्ट्रीपासून (यंत्राबरोबर सरकणाऱ्या सांगाड्यापासून) सुरू होतो आणि बोगद्याच्या भिंतीवरच्या ब्रॅकेटवरून सुमारे तीन किलोमीटर धावत तोंडाबाहेरच्या ढिगाऱ्यापर्यंत जातो. बेल्टचा वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटर आहे.

अडचण अशी की टेल ड्रमजवळ (बेल्ट जिथे वळतो त्या आतल्या टोकाच्या ड्रमजवळ) आणि परतीच्या रोलरखाली (खालून परत येणाऱ्या रिकाम्या बेल्टच्या रोलरखाली) ओला मक सतत सांडतो, आणि दर पाळीत दोन-तीन मजूर फावडे घेऊन तो चालू बेल्टखालून ओढून काढतात. मी हरकत घेतली तेव्हा पाळीच्या अभियंत्यांनी सांगितले की बेल्टच्या संपूर्ण लांबीला पुल कॉर्ड आहे, काही झाले तर दोरी ओढायची आणि बेल्ट थांबतो, शिवाय प्रत्येक वेळी बेल्ट बंद केला तर खोदाई थांबते आणि त्याचा हिशेब आम्हालाच द्यावा लागतो. त्यांचे म्हणणे मला पटत नाही, पण ते खोडून काढण्याइतकी तांत्रिक माहिती माझ्यापाशी नाही. उमरेड, सावनेर, कामठी या पट्ट्यातल्या खाणींमुळे आपल्या भागात बेल्टवर हयात घालवलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांनी मार्गदर्शन केले तर आभारी राहीन. नेमके कोणते नियम किंवा मानके दाखवता येतील, हेही कळावे.

उत्तर : इन्क्लाइन_सावनेर

मी भूमिगत कोळसा खाणीतून निवृत्त झालो. बोगद्याचे काम मी केलेले नाही, पण खालचा बेल्ट इथून तिथून सारखाच असतो, म्हणून लिहितो.

तुमच्या अभियंत्यांचे म्हणणे साध्या गुणाकारानेच निकालात निघते. बेल्ट सेकंदाला अडीच मीटर धावतो. फावड्याचे पाते परतीच्या बेल्टमध्ये आणि रोलरमध्ये अडकले हे माणसाच्या ध्यानात येऊन त्याची मूठ सुटेपर्यंत अर्धा सेकंद तरी जातो, आणि तेवढ्यात बेल्ट सव्वा मीटर पुढे गेलेला असतो. माणसाचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत त्याहून बराच आखूड असतो. म्हणजे काय झाले हे कळायच्या आत हात रोलरपर्यंत पोहोचलेला असतो. यात दोरी ओढायला वेळ कुठे आहे? आणि ओढायची कोणी? ज्याचा हात अडकला त्याला दोरीपर्यंत पोहोचता येत नाही, आणि दुसरा मजूर धुळीत, आवाजात, पाठ करून उभा असतो.

दोरी ओढली तरी बेल्ट जागच्या जागी थांबत नाही, हेही लक्षात घ्या. भरलेला लांब बेल्ट वीज तुटल्यावरही आपल्या वजनाच्या जोरावर पुढे सरकत राहतो. थांबायला चार सेकंद लागतात असे धरले तरी त्या काळात तो पाच मीटर जातो. पुल कॉर्ड हवीच, दोन्ही बाजूंनी माणूस जात असेल तर दोन्ही बाजूंनी हवी. पण अपघात घडू लागल्यावर त्याची व्याप्ती कमी करण्यासाठी ती असते. तिच्या भरवशावर चालू बेल्टखाली हात घालायला माणूस पाठवणे म्हणजे जवळ दवाखाना आहे म्हणून विषाची परीक्षा घेण्यासारखे आहे.

आमच्याकडे नियम असा होता की गार्ड (हलत्या भागांवरचे संरक्षक आवरण) काढायचा, रोलर बदलायचा किंवा ड्रमजवळची साफसफाई करायची तर आधी बेल्ट बंद, मग आयसोलेटर (मुख्य वीज तोडणारा स्विच) बंद, मग प्रत्येक माणसाचे स्वतःचे कुलूप आणि किल्ली त्याच्याच खिशात. फिटर तिघे असतील तर कुलपेही तीन. कुलूप लावल्यावर एकदा स्टार्टचे बटण दाबून बेल्ट हलत नाही याची खात्री करायची, कारण चुकीच्या पॅनेलला कुलूप लागल्याचे प्रकार घडतात.

आणखी एक. नागपूरकडचा माणूस उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा बांधून येतो आणि तोच गळ्यात ठेवून आत उतरतो. बेल्टजवळ दुपट्टा, मफलर, सैल बाही, गळ्यातला गंडा किंवा साखळी, यांपैकी काहीही चालणार नाही. बोगद्याच्या तोंडाशीच ते काढून ठेवायला एक खुंट्यांची फळी लावा. नुसती पाटी लावून उपयोग होत नाही, कारण काढलेला दुपट्टा ठेवायचा कुठे हा त्याचा खरा प्रश्न असतो.

उत्तर : पॅनेल_आणि_केबल

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी विद्युत आणि नियंत्रण या बाजूने भर घालतो.

पुल कॉर्डचा स्विच कंट्रोल सर्किट तोडतो, मोटारची मुख्य वीज वेगळी करत नाही. सर्किटमध्ये बिघाड झाला, ओलाव्याने एखादा संपर्क जुळला किंवा कोणी पॅनेलमध्ये तात्पुरती वायर जोडून स्विच वळसा घालून टाळला, तर दोरी ओढलेली असूनही बेल्ट सुरू होऊ शकतो. व्हीएफडीवर (मोटारचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावर) चालणाऱ्या ड्राइव्हच्या बाबतीत तर ‘स्टॉप’ दाबल्यावर मोटार थांबते, पण ड्राइव्हमध्ये वीज असतेच. मुख्य पुरवठा तोडल्यानंतरही आतले कपॅसिटर काही मिनिटे भारित राहतात. म्हणून कामासाठी आयसोलेशन म्हणजे मुख्य आयसोलेटर उघडून त्याला कुलूप, त्याहून कमी काही नाही.

पुल कॉर्डचा स्विच असा हवा की दोरी ओढल्यावर तो त्याच स्थितीत अडकून राहील आणि जागेवर जाऊन हाताने रिसेट करेपर्यंत सुटणार नाही. रिसेट केल्याने बेल्ट आपोआप सुरू होता कामा नये, तो पुन्हा नियंत्रण कक्षातूनच, भोंगा वाजवून, सुरू व्हायला हवा. भोंग्यानंतर काही सेकंद थांबूनच मोटार फिरली पाहिजे आणि तो भोंगा टेल ड्रमपर्यंत ऐकू आला पाहिजे. तीन किलोमीटरच्या बेल्टला एकच भोंगा तोंडाशी लावलेला मी पाहिला आहे, तो आतल्या माणसाला कसा ऐकू येणार?

दोरीचा ताण हीसुद्धा दुर्लक्षित बाब आहे. बोगद्याच्या आत तापमान फारसे बदलत नाही, पण तोंडाबाहेरच्या स्टॅकरवरची (मकाचा ढीग रचणाऱ्या बेल्टवरची) दोरी नागपूरच्या हवेत जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी वेगळी वागते. पन्नास मीटर पोलादी दोरी तीस अंशांच्या फरकाने सुमारे १८ मिलिमीटर लांबते. हिवाळ्यात ताणून बसवलेली दोरी उन्हाळ्यात ढिली पडते आणि मग ओढली तरी स्विच फिरत नाही. दर आठवड्याला प्रत्येक भागातली दोरी प्रत्यक्ष ओढून, बेल्ट थांबतो का हे पाहून, नोंद ठेवायला सांगा. नुसती नजरेने केलेली तपासणी धरू नका.

क्रमाचे इंटरलॉकही (बेल्ट ठरलेल्या क्रमानेच सुरू-बंद होऊ देणारी व्यवस्था) तपासा. सुरू करताना माल शेवटी जिथे पडतो त्या टोकापासून उलट दिशेने एकेक बेल्ट सुरू व्हावा आणि बंद करताना आधी माल येणे थांबावे. पुढचा बेल्ट कोणत्याही कारणाने थांबला तर मागचा लगेच थांबला पाहिजे, नाही तर ट्रान्सफर पॉइंटवर (एका बेल्टवरून दुसऱ्यावर माल पडतो तिथे) काही सेकंदांत ढीग होतो आणि मग तुमचे मजूर पुन्हा फावडे घेऊन तिथेच.

बोगदेवाला_नागपूर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गुणाकाराचा मुद्दा मी आजच्या बैठकीत मांडला आणि त्यावर कोणी काही बोलले नाही. मात्र कुलपाच्या पद्धतीत आमची एक खरी अडचण आहे. मुख्य ड्राइव्हचे पॅनेल बोगद्याच्या तोंडाशी आहे, मध्ये एक बूस्टर ड्राइव्ह (लांब बेल्टला वाटेत जोर देणारी मोटार) आहे, आणि साफसफाई टेल ड्रमजवळ, म्हणजे तीन किलोमीटर आत. मजुराने स्वतःचे कुलूप लावायला बाहेर जाऊन परत यायचे म्हटले तर पाळीचा बराच वेळ त्यातच जाईल. सध्या फोनवर “बंद केला का?” असे विचारले जाते आणि पलीकडून “हो” आले की काम सुरू होते.

उत्तर : पॅनेल_आणि_केबल

फोनवरचे “हो” हे आयसोलेशन नाही. पलीकडच्या माणसाची पाळी बदलली किंवा त्याला दुसऱ्या बेल्टबद्दल विचारले असे वाटले, एवढ्यानेही ते “हो” निरर्थक ठरते.

यावर रूढ उपाय म्हणजे गट-कुलूप पेटी. तोंडाशी असलेला अधिकृत इलेक्ट्रिशियन मुख्य ड्राइव्हच्या आयसोलेटरला कुलूप लावतो, बूस्टरवरचा माणूस बूस्टरला लावतो, आणि त्या कुलपांच्या किल्ल्या लोकोवरून (बोगद्यातल्या रुळांवरच्या छोट्या इंजिनावरून) आत टेल ड्रमपाशी आणून एका पेटीत ठेवल्या जातात. त्या पेटीला साफसफाई करणारा प्रत्येक जण आपले कुलूप लावतो. शेवटच्या माणसाचे कुलूप निघेपर्यंत पेटी उघडत नाही आणि किल्ल्या बाहेर जाऊ शकत नाहीत. यालाही वेळ लागतो, पण मजूर ज्या कुलपावर विसंबतो ते त्याच्या डोळ्यांसमोर असते. दूरच्या बेल्टसाठी टेलजवळूनच मुख्य वीज तोडणारी, तोडल्याची खात्री दाखवणारी आणि जागेवरच कुलूपबंद होणारी रिमोट आयसोलेशन व्यवस्थाही मिळते. मात्र ती त्या कामासाठीच बनवलेली आणि तपासून प्रमाणित केलेली असावी. साध्या स्टॉप बटणाला कडी लावून केलेली नसावी.

एक गोष्ट विजेच्या बाहेरची आहे. तुमच्या सलग बेल्टला वाढीव बेल्ट साठवणारी कॅसेट असणारच, आणि तिच्यात विंचने ताण दिलेला असतो. वीज गेली तरी तो ताण राहतो. टेल ड्रममध्ये दगड अडकून बेल्ट थांबला असेल तर तो दगड काढताच बेल्ट झटक्याने सरकतो. चढावरच्या बेल्टवर माल असेल आणि मागे घसरण्यापासून रोखणारा ब्रेक नीट नसेल तर तो उलटाही धावतो. म्हणून कुलपांच्या यादीत ‘ताण सोडला’ आणि ‘बेल्ट जखडला’ या दोन ओळी वेगळ्या ठेवा.

उत्तर : चुट_आणि_स्कर्ट

मी माल हाताळणीच्या यंत्रणांची आखणी करतो, म्हणून माझे लक्ष दुसरीकडे जाते. वरची सगळी चर्चा माणूस बेल्टखाली जातो हे गृहीत धरून चालली आहे. माझा प्रश्न असा की मक मुळात का सांडतो? दर पाळीत तीन मजूर लागावेत इतके सांडणे हे आखणीचे किंवा देखभालीचे अपयश आहे आणि त्याची किंमत आत्ता तुमचे मजूर धोका पत्करून भरत आहेत.

प्रमाण किती असते ते पाहा. मेट्रोच्या कामांत असतो तसा साधारण ६.६ मीटर व्यासाचा टीबीएम असेल तर त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३४ चौरस मीटरच्या आसपास येते. १.४ मीटरची एक रिंग (बोगद्याच्या काँक्रीट अस्तराचे एक कडे) पुढे जाताना सुमारे ४८ घनमीटर खडक निघतो, आणि तो फुटून सुटा झाल्यावर सहज ७० ते ७५ घनमीटर होतो. यातला शंभरावा भाग जरी सांडला तरी पाऊण घनमीटर, म्हणजे टनाहून जास्त माल, दर रिंगला खाली पडतो. हे फावड्याने आवरायचे काम नव्हे.

पाहायच्या जागा मोजक्या आहेत. टेलजवळ सांडत असेल तर आधी चुट (माल बेल्टवर सोडणारी घसरण) पाहा : माल बेल्टच्या मधोमध आणि बेल्टच्या दिशेने पडतो की आडवा आदळतो? माल बाजूने सांडू न देणारे कडेचे स्कर्ट रबर झिजले आहे का? टेल ड्रमच्या आधी, परतीच्या बेल्टच्या आतल्या बाजूला इंग्रजी व्ही आकाराचा नांगर-स्क्रेपर (बेल्टवरचा माल बाजूला सारणारे पाते) आहे का? तो नसेल तर परतीच्या बेल्टवर पडलेला दगड थेट ड्रममध्ये जातो. परतीच्या रोलरखाली सगळ्या लांबीभर बारीक चिखल पडत असेल तर दोष टेलला नसून तिकडे तोंडाशी हेड ड्रमवरच्या (माल जिथे पडतो त्या बाहेरच्या टोकाच्या ड्रमवरच्या) स्क्रेपरमध्ये आहे. तिथे मक नीट खरवडला जात नाही आणि बेल्टला चिकटून तीन किलोमीटर परत येतो. लोक टेलला साफ करत बसतात आणि दुरुस्ती हेडला हवी असते, हे मी अनेकदा पाहिले आहे. ओल्या, चिकट मातीत एक स्क्रेपर पुरत नाही. ड्रमच्या तोंडावर एक आणि त्याच्या मागे दुसरा, असे दोन लागतात.

बेल्ट एका बाजूला सरकत असेल तर वळणावरच्या रोलरचा कल तपासा. टीबीएम पुढे सरकतो तसा टेलही सरकतो आणि प्रत्येक सरकण्यानंतर त्याची रेषा बिघडू शकते. ती सरळ करण्याचे काम काही ठिकाणी चालू बेल्टवर पहारीने रोलर ठोकून केले जाते. ते कटाक्षाने बंद करा. समायोजनाचे बोल्ट गार्डच्या बाहेर आणता येतात, ग्रीसचे निपलही नळीने बाहेर काढता येतात. मग चालू बेल्टवर गार्ड उघडण्याचे निमित्तच उरत नाही.

पाण्याबद्दलही सांगतो. ट्रान्सफर पॉइंटवर फवारा हवाच, कारण धूळ. नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्ट आहे आणि पूर्वेकडे नाइससारखे जुने खडक आहेत. क्वार्ट्‌झ जास्त असलेल्या नाइससारख्या खडकाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. पण फवारा बारीक तुषारांचा आणि बेल्टवर माल असतानाच चालणारा असावा. नळी मोकळी सोडली की मकाचा रबडा होतो, तोच बेल्टला चिकटतो आणि तुमचे सांडणे दुप्पट होते.

उत्तर : पाळी_दोन

मी बोगद्याच्याच कामावर उत्पादनाच्या बाजूला आहे, त्यामुळे थोडी तुमच्या अभियंत्यांची बाजू मांडतो. खोदाई थांबली की वरून फोन येतात, हे खरे आहे आणि त्यांना दोष देऊन भागणार नाही. परंतु “बेल्ट थांबवला तर खोदाई थांबते” हे वाक्य अर्धेच खरे आहे. शील्ड प्रकारच्या (पोलादी कवच असलेल्या) टीबीएममध्ये एक रिंगभर खोदाई झाली की यंत्र थांबते आणि सेगमेंट (काँक्रीटचे वक्र तुकडे) बसवून रिंग उभी केली जाते. त्या वेळात, जो साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा असतो, बेल्टवर माल येतच नाही. डबल शील्ड असेल तर खोदाई आणि रिंग बसवणे बरोबर चालू शकते, तिथे हा मुद्दा लागू होत नाही. तुमचे यंत्र कोणते आहे ते पाहा.

रिंग बसवताना साफसफाईचे परमिट (लेखी परवानगी) आधीच लिहून तयार ठेवले, कुलपे लावणारी माणसे आपापल्या जागी उभी असली, तर खोदाईचे एक मिनिटही न गमावता रोज एक-दोन वेळा टेल साफ करता येतो. आमच्याकडे असेच चालते. अडचण फक्त शिस्तीची आहे : रिंग लवकर झाली की ऑपरेटर घाई करतो. म्हणून ऑपरेटरच्या केबिनमध्ये परमिटची प्रत लावलेली असते आणि ती परत आल्याशिवाय तो खोदाई सुरू करत नाही. बेल्ट तर कुलपामुळे सुरू होणारच नाही.

आणखी एक सूचना. मजुरांना ‘बेल्टखाली जाऊ नका’ एवढेच सांगू नका. पलीकडे जायला जवळ क्रॉसओव्हर पूल नसेल तर माणूस वाकून बेल्टखालूनच जाणार. आमच्याकडे बहुतेक मजूर झारखंड, बिहार, ओडिशाचे आहेत, त्यामुळे पाट्या आणि पाळीच्या सुरुवातीची सूचना हिंदीतही असते.

उत्तर : इन्क्लाइन_सावनेर

आगीचा विषय कोणी काढला नाही म्हणून पुन्हा लिहितो. ओल्या मकाच्या बोगद्यात आग कशी लागेल असे वाटते, पण जाम झालेला रोलर, घसरणारा ड्रम आणि घासणारा बेल्ट पुरेसा असतो. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातल्या क्रेसवेल खाणीत २६ सप्टेंबर १९५० रोजी ट्रान्सफर पॉइंटवर फाटलेला बेल्ट अडकून घर्षणाने पेटला आणि ८० माणसे गेली. त्यानंतर तिथल्या खाणींत न पेटणारे बेल्ट आले. आपल्याकडे भूमिगत खाणींच्या अग्निरोधक बेल्टसाठी आयएस (भारतीय मानक) ३१८१ आहे. तुमचा बेल्ट त्या दर्जाचा आहे का, हे खरेदीच्या कागदांत पाहा. ड्रम फिरतो आहे आणि बेल्ट मंदावला आहे हे ओळखून मोटार तोडणारा अंडरस्पीड स्विच चालू आहे का, हेही पाहा. बोगद्यात ताजी हवा नेणारी कापडी डक्ट बेल्टच्याच बोगद्यातून जाते. आगीत ती जळाली तर यंत्रावरच्या माणसांची हवाच तुटते. ड्राइव्हजवळ अग्निशामक आणि पाण्याची जोडणी, आणि आतल्या प्रत्येकाजवळ सेल्फ रेस्क्युअर (धुरातून बाहेर पडेपर्यंत श्वास घेता येईल असे छोटे उपकरण), याबाबत तडजोड नको.

नियमांचे म्हणाल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाचे नियम खाणींना लागू असतात, तुमच्या बोगद्याला नव्हे. तुमच्यासाठी बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा आणि १९९८ चे केंद्रीय नियम होते. त्या नियमांत खोदाई व बोगदे यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. मानकांपैकी बोगद्याच्या कामाच्या सुरक्षेसाठी आयएस ४७५६ आणि कन्व्हेयरच्या सुरक्षेसाठी आयएस ७१५५ चे भाग मागवून घ्या. बैठकीत ते टेबलावर ठेवले की बोलणे सोपे जाते.

बोगदेवाला_नागपूर

आमचे यंत्र सिंगल शील्डच आहे, त्यामुळे रिंग बसवतानाची वेळ वापरता येईल हे लक्षात येताच पाळीच्या अभियंत्यांचा विरोध बराच मावळला. हेड ड्रमवरचा स्क्रेपर आज पाहिला. त्याचे पाते एका कडेने पूर्ण झिजलेले आहे आणि दुसरा स्क्रेपर मुळात बसवलेलाच नाही. दोन्हींची मागणी केली आहे. तोपर्यंत टेलजवळची साफसफाई फक्त कुलपे लावूनच होईल, असे लेखी ठरले आहे. शेवटची एकच शंका : साफसफाई अर्धवट असताना पाळी बदलली तर पेटीवरची कुलपे काढून नव्या पाळीने पुन्हा लावावीत, की जुनीच ठेवून किल्ल्या हातात द्याव्यात?

उत्तर : पॅनेल_आणि_केबल

किल्ली कधीच दुसऱ्याच्या हातात देऊ नये. नव्या पाळीचे लोक आधी आपली कुलपे लावतात, मग जुन्या पाळीचे लोक आपली काढतात. मध्ये एक क्षणही पेटी बिनकुलपाची राहत नाही. एखादा जण कुलूप तसेच ठेवून घरी गेला, तर त्याला गाठून तो बोगद्यात नाही याची खात्री केल्याशिवाय ते कापू नये. कापण्याचा अधिकार कोणाला आहे ते नावानिशी लिहून ठेवावे आणि पाळीच्या अभियंत्याला तो अधिकार एकट्याला देऊ नये.